आईचा आकडा

भवानीनगर, ता. इंदापूर
२० सप्टेंबर १९९८

प्रिय दादा,

तुझं नागपूरचं पत्र मिळालं. तात्या बरे आहेत. कपिला व्यायली, कालवड झाली. दूध केंद्रावर सकाळचं फॅट काढायचं काम अजून माझ्याकडेच आहे. आईला जाऊन महिना झाला. तिचा विषय निघाला की तात्या उठून गोठ्यात जातात, आणि मी मुळातच कमी बोलणारी. त्यामुळे घर गप्प असतं. पण काल तिची पेटी आवरताना लुगड्यांखाली तिचा व्हिडिओ गेम सापडला, आणि मी तिथंच बसून एकटी हसले. कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

तुला आठवतं ना, पंच्याण्णव सालच्या डिसेंबरात तू पुण्याहून खोकं भरून गेम आणले होतेस? हातात मावणारे, वरून ठोकळे पडणारे, चाळीस नग. बारामती आणि इंदापूरच्या कॉलेजांत हां हां म्हणता खपतील म्हणालास. तात्यांनी मुदत घातली होती, संक्रांतीपर्यंत खपले नाहीत तर कारखान्यात ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटायला चिटबॉय म्हणून लागायचं. बियाण्यांच्या कंपनीत चार महिने काढलेस, तेवढंच तुझं मार्केटिंगचं शिक्षण. आधी प्रगतशील शेतकऱ्याला बियाणं फुकट द्यायचं, म्हणजे बाकीचे बघून घेतात, हे तू जसंच्या तसं कॉलेजला लावलंस आणि वर्गावर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलांना गेम वाटलेस. त्या हुशार पोरांनी ते कपाटात ठेवले. परीक्षा झाल्यावर बघू म्हणाले. तात्या जेवताना विचारायचे, "काय शंभूराव, उगवलं का न्हाय अजून?" तू भाकरीकडे बघत बसायचास.

मग त्या दिवशी तू डबा विसरलास. आई तो घेऊन एसटीनं बारामतीच्या कॉलेजात गेली. तू कसलीशी परवानगी काढायला ऑफिसात गेलास आणि एक गेम तिच्या हातात धरायला ठेवलास. परत आलास तर तुझ्या विक्रीच्या टेबलाभोवती ही गर्दी. तूच घरी येऊन सगळं करून दाखवलं होतंस. कॉमर्सचा तो उंच रतन म्हणाला होता, "मावशी, भाकरी थापण्याइतकं सोपं न्हाय हे." आणि आई मान वर न करता म्हणाली होती, "व्हय बाबा, भाकरी अवघड आस्ती." सुपे गावची लेक ती. लहानपणापासून कडब्याच्या गंज्या रचलेल्या. पेंढी कुठली कुठं बसवायची हे तिला हातात घेण्याआधी कळायचं. पोरांनी विचारलं तर एवढंच म्हणाली, "भोक ठिवलं की पाणी शिरतं." तिचा आकडा झाला बावीस हजार नऊशे. रतनचा चार हजार.

तिथंच तुला सुचलं. पाटी रंगवलीस, 'सारजाबाईंचा आकडा ओलांडा, गेम फुकट न्या.' पोरं सरावासाठी गेम विकत नेऊ लागली. रोज कुणीतरी यायचं, हरायचं, लाजत एक गेम घेऊन जायचं. बारामतीत वीस गेले. उरलेल्यांसाठी संक्रांतीच्या आदल्या दिवशी इंदापूर ठरलं.

आता जे लिहिते आहे ते मी तुला कधी सांगितलेलं नाही. इंदापूरच्या आदल्या दुपारी तू पत्रकं छापायला गेला होतास, आई शेतात होती. मी सहज तिच्या गेमवर खेळायला बसले. किती वेळ गेला कळलं नाही, आणि माझा आकडा झाला चोवीस हजार तीनशे दहा. पडद्यावर आता आईचा आकडा नव्हता, माझा होता. मी इतकी घाबरले की सेल काढून टाकले. सेल काढले की आकडा पुसला जातो. दुसऱ्या दिवशी इंदापुरात तू पाटी उभी केलीस, गेम चालू केलास, तर वर शून्य. पोरं ओरडायला लागली, "आकडा दाखवा, आकडा! का नुसतीच पाटी?" रतन तर मुद्दाम बारामतीहून चार जणांना घेऊन आला होता. तू घामाघूम. मी मागं उभी. आईनं पदर खोचला, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दाखवायचा कशाला, करतेच की." पाऊण तास दीडशे पोरं स्टुलाभोवती उभी होती. एक एक ओळ गेली की आरोळी. सत्तावीस हजार चारशे पन्नास! रतननंच तिला पहिला नमस्कार केला. दुपारपर्यंत खोकं रिकामं झालं, एक आईचा तेवढा उरला. परतीच्या एसटीत तू झोपलास. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "किती झालं व्हतं गं तुजं?" मी सांगितलं. ती खिडकीकडे तोंड करून भवानीनगर येईपर्यंत हसत होती.

नंतर दर वेळी सेल संपले की तिचा आकडा जायचा. मला वाईट वाटायचं, तिला कधीच नाही. म्हणायची, "गंजी जपायला रचत्यात व्हय? जनावरांना घालायची आन् पुन्यांदा रचायची."

दादा, काल गेम चालू केला. शेवटचा आकडा एकोणीस हजार आठशे वीस आहे, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीचा. पडदा फिका झालाय, सेल चार दिवसांचे सोबती. मी नवे आणून ठेवलेत, पण जुने काढायला हात धजत नाही. यंदा आपल्याकडे दिवाळी नाही, तरी तू रजा काढून लवकर ये. सेल तू काढ. पहिला डाव मी खेळते, तात्यांना शेजारी बसवून. आणि या वेळी माझा आकडा मी पुसणार नाही.

वाट बघणारी, तुझीच,
दिपाली