पहिल्या मजल्यावरच्या बाई

बाई,

हल्ली दुपारी जेवून जरा आडवी झाले की मला अमळनेर दिसतं. झोप लागलेली नसते, पण डोळेही उघडे नसतात. शाळेच्या पटांगणात कापूस उडतोय. जिनिंगच्या शेडमधून सुटलेले तंतू उन्हात तरंगत यायचे, मुलींच्या वेण्यांवर बसायचे, तुमच्या काळ्या छत्रीवर बसायचे. लोखंडी कॅलिपर घातलेला पाय ओढत, कुबडी टेकत मी व्हरांड्यातून चालले आहे आणि व्हरांडा काही संपत नाही. पुढे कुठेतरी तुम्ही आहात. चपलांचा आवाज येतो, तुम्ही दिसत नाही. मग शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते आणि मी जळगावात, माझ्या पलंगावर असते.

मी पाचवीत त्या शाळेत आले तेव्हा तुम्ही मुख्याध्यापिका होतात. पोलिओने माझा डावा पाय लहानपणीच गेला होता. आई मला गावाहून एस.टी.ने घेऊन यायची, फाटकाशी सोडायची आणि शेतावर परत जायची. शाळा दुमजली. खाली पाचवी ते सातवी, वर आठवी ते दहावी. सातवीची परीक्षा झाली आणि आईने मला शाळेतून काढायचं ठरवलं, कारण तिने तो जिना पाहिला होता. अरुंद, मध्येच वळणारा, कठडा एकाच बाजूला आणि तोही हलणारा. जूनमध्ये ती तुम्हाला तसं सांगायला आली. तुम्ही हजेरीपट चाळत होता. मान वर न करता म्हणालात, "आठवीचा वर्ग यंदा खालीच बसेल. वरचे पत्रे फार तापतात."

पुढच्या जूनमध्ये आठवी वर गेली आणि नववी खाली आली. त्याच्या पुढच्या वर्षी दहावी. दारावर रंगवलेलं 'सातवी' तसंच राहिलं, म्हणून बाकीची मुलं आम्हाला नापासांचा वर्ग म्हणायची. मी तीन वर्षं पत्र्यांवरच विश्वास ठेवून होते. आईला मात्र आधीच उमगलं असावं. दहावीच्या निरोपाच्या दिवशी ती तुमच्या पाया पडायला वाकली आणि म्हणाली, "बाई, आमनी पोर शाळामा येस, हाई बठ्ठं तुमनामुये शे." तुम्ही तिला अर्ध्यातच उठवलंत. "माझ्यामुळे कसलं? पत्रे तापतात," म्हणालात आणि तिला चहा घ्यायला बसवलंत.

तुमच्या स्वयंपाकघरातली ती सकाळ मात्र मला अजून बोचते. नववीतलं स्नेहसंमेलन. नाटकात मी राणी होते. स्टेज उंच, पायऱ्या उभ्या. वर्गातल्या चार मुलांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं आणि सगळं पटांगण टाळ्या वाजवायला लागलं. मी दोन्ही हात जोडून हसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शाळेमागच्या तुमच्या घरी बोलावलंत. चुलीवर वांगी भाजत होती, घरभर तो जळका वास. मला वाटलं, कौतुक होणार.

"काल टाळ्या कुणासाठी होत्या?" तुम्ही विचारलंत.

"माझ्यासाठी."

"तू तर तोंडही उघडलं नव्हतंस अजून."

तुम्ही वांगं परतलंत.

"उचलणाऱ्यांसाठी होत्या. तू हात कशाला जोडलेस? उचलून घेणं हे काय तुझं काम होतं?"

मला रडू फुटलं. तुम्ही समजूत घातली नाहीत. वांग्याची सालं काढत राहिलात, बोटं भाजत होती तरी. मग कळण्याची भाकरी आणि भरीत माझ्यापुढे ठेवलंत आणि जरा वेळाने, माझ्याशी की स्वतःशी कळलं नाही, बोललात, "चूक स्टेजची आहे. मीच आधी बघायला हवं होतं."

पुढच्या वर्षी संमेलन जमिनीवर झालं. पटांगणात सतरंज्या, मधे मोकळी जागा, लोक तिन्ही बाजूंनी बसलेले. स्टेज नाही म्हणून पालक कुरकुरले, संस्थेच्या अध्यक्षांनी तर भाषणातच टोमणा मारला. मी माझ्या कुबडीवर चालत मधे आले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी एक वाक्य विसरले, मागून कुणीतरी सांगितलं, लोक हसले. इतर मुली विसरल्या तेव्हा हसले होते तसेच. त्या हसण्याने मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. आभाळ खाली आल्यासारखं काहीतरी. सगळं माझ्या उंचीला.

दहावीनंतर तुम्हीच मला धुळ्याला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला पाठवलंत. आई म्हणत होती, घरी बसून शिवणकाम करू दे. तुम्ही म्हणालात, "हिला जिने काढायला शिकू द्या. ज्याला चढता येत नाही तो जिना नीट काढतो." मी काढत गेले. आधी एका इंजिनिअरकडे नकाशे, मग जळगावात माझी स्वतःची दोन खोल्यांची जागा. एका खोलीत मी उताराचे, कठड्यांचे नकाशे काढते, दुसऱ्या खोलीत दोन कारागीर कुबड्या, वॉकर, खुर्च्या माणसाच्या मापाने करून देतात. धुळ्याच्या एका बागेला पायऱ्यांच्या जागी लांब, सावकाश चढणारा उतार दिला, तो बघायला मी अजून जाते. चाकाच्या खुर्चीतलं माणूस क्वचित येतं. पण बाळाची गाडी ढकलणारी बाई त्यावरून जाते, काठी टेकणारे आबा जातात, शेंगदाण्याची टोपली डोक्यावर घेतलेली म्हातारी जाते. हा उतार कुणासाठी केलाय असं कुणी विचारत नाही. संध्याकाळच्या उन्हात ती माणसं वर चढताना चालत नाहीत, तरंगतात असं वाटतं. त्यांच्यात एखादी काळी छत्री दिसली की मी जरा जास्त वेळ बघते.

तुम्ही निवृत्त होऊन जळगावला मुलाकडे आलात तेव्हा मला किती आनंद झाला होता. एकाच शहरात आपण. आणि मग कळलं, घर पहिल्या मजल्यावर, खाली सगळं उंच छताचं पार्किंग, त्यामुळे पहिला मजलाही दुसऱ्याएवढा उंच. माझा चांगला पायही तोवर थकायला लागला होता. आणि तुमचे गुडघे गेले होते. मला वर येता येईना, तुम्हाला खाली येता येईना. तुमचा मुलगा म्हणाला, "ताई, आम्ही उचलून नेतो की तुम्हाला." मी काही बोलायच्या आत वरून तुमचा आवाज आला, "नको. ती तिथूनच बोलेल." मला हसू आलं. तुम्हालाही आलं असणार.

मग किती रविवार तसे गेले. मी साइड व्हीलच्या स्कूटरवरून यायची, गाडी तुमच्या गॅलरीखाली लावायची, तिच्यावरच बसून राहायची. खास तुमच्याकडे यायचं म्हणून चांगली साडी नेसायची. वर कडुनिंबाच्या फांद्या, त्यातून तुमचा हात आणि दोरीला बांधलेली कापडी पिशवी. पिशवीतून लिंबू, केळी, कधी वाटीभर शेवभाजी खाली यायची. रस्त्याने जाणारे लोक बघायचे, ही बाई झाडाशी काय बोलते.

तुमची काठी हाताला टोचते असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी नवीन मूठ करून पाठवली. ती पिशवीतून परत आली. दुसरी पाठवली, तीही आली. "बोटं मिटत नाहीत गं आता," तुमचा आवाज. मला माप हवं होतं आणि मला तुमच्या हाताला हात लावता येत नव्हता. मी खालून ओरडले, "बाई, कणकेचा गोळा मुठीत धरा. जेवढी मूठ वळेल तेवढीच. मग तो पाठवून द्या." बऱ्याच वेळाने पिशवी खाली आली. ओल्या फडक्यात कणीक, तिच्यावर तुमच्या चार बोटांच्या खाचा, अंगठ्याची रुंद खळगी, तळहाताच्या रेषासुद्धा. मी तो गोळा मांडीवर ठेवून घरी नेला. चिकट, अजून कोमट होता. कारागिराला माप काढून दिल्यावरही तो मला फेकवेना. वाळून तडकला, पांढरा पडला, शेवटी मुंग्यांनी नेला. मूठ मात्र जमली. पुढच्या रविवारी गॅलरीच्या फरशीवर काठीची टकटक ऐकू आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. तुम्ही मला चालून दाखवत होता.

तुम्ही खाली आलात त्या दिवशी मी खालीच होते. सकाळची वेळ होती. त्या अरुंद जिन्यावरून चार माणसांना तुम्हाला आणता येत नव्हतं, वळणावर ते थांबले, हळू, हळू, म्हणत राहिले. मी माझ्या गाडीशी उभी होते. इतक्या वर्षांनी मी तुम्हाला जवळून पाहिलं, आणि बोलायचं काही उरलं नव्हतं. मी तुमच्या उजव्या हाताला हात लावला. बोटं तशीच होती, अर्धी मिटलेली.

आता जे सांगायचं ते. यंदा तुमच्या इमारतीने लिफ्ट बसवायचं ठरवलं. तिथले सगळेच आता म्हातारे झालेत. तुमच्या मुलाने मला नकाशा बघायला दिला. कंत्राटदाराने लिफ्ट जिन्याच्या वळणावर थांबवली होती, म्हणजे वर पोचलं तरी अर्ध्या पायऱ्या शिल्लक. स्वस्तात होतं म्हणून सगळे तयार होते. मी खाली पार्किंगमध्ये बसून सभेत भांडले. वरच्या मजल्यावरचे शेठजी म्हणाले, "ताई, राहिलेल्या पायऱ्या काय, कुणीतरी हात देईल."

"आणि घरी कुणी नसलं तर, शेठजी?"

तुमचा मुलगा उठला. "माझी आई इथे सात वर्षं राहिली आणि एकदाही स्वतःहून खाली आली नाही," एवढंच म्हणाला आणि बसला. मग कुणी वाद घातला नाही. पॅसेजची भिंत फोडून लिफ्ट थेट मजल्याला टेकवली.

काम संपल्यावर मी वर गेले. बटण दाबलं, दार मिटलं, पुन्हा उघडलं आणि समोर तुमचं घर. दार निळं आहे, मला ठाऊक नव्हतं. सूनबाईंनी चहा केला. मी गॅलरीत गेले आणि खाली वाकून पाहिलं. रस्ता दिसला नाही. नुसता कडुनिंब, दाट, हिरवा.

"इथून खालचं काही दिसत नाही?" मी विचारलं.

"कधीच नाही. तेव्हा तर याहून गच्च होता. नगरपालिकेचा माणूस फांद्या तोडायला आला तर आईंनी त्याला हाकलून दिलं, झाड दुखतं म्हणाल्या. तुमचा आवाज आला की तिकडे तोंड करून बसायच्या." मग त्यांनी चहा कठड्यावर ठेवला. "रविवारी मात्र सकाळीच इस्त्रीचं पातळ नेसायच्या. आम्ही म्हणायचो, कोण बघणार आहे?"

मी कठड्याला धरून उभी राहिले. झाडातून वारा येत होता. चहा गार झाला, त्यांनी दुसरा आणला, मी तोही घेतला. जायला हवं होतं आणि पाय निघत नव्हता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. एक गोष्ट तेवढी तुमच्याजवळ सांगते. निघताना मी सूनबाईंना म्हणाले, लिफ्टची पाहणी अजून पुरी झालेली नाही, मला आणखी दोन-चार रविवार यावं लागेल. बाई, पाहणी कधीच संपली आहे.