लेथ, घर आणि तारखेला न गेलेला मेहुणा यांची व्यवस्था

भंगारवाल्याच्या चष्म्याची एक काच, नाकावर लावायची पट्टी आणि शर्टाची बटणे: माझ्या मेहुण्याने मारलेल्या ठोशाचा खरा खर्च एवढाच. तो मी त्याच संध्याकाळी भागवायला तयार होतो आणि भंगारवालाही कुरकुरत का होईना, घ्यायला तयार होता. त्यानंतर आलेले वॉरंट, जप्त झालेली मोटरसायकल आणि माझ्या वर्कशॉपला लागलेली नोटीस हा खर्च ठोशाचा नव्हे. तो कोर्टाच्या तारखेला न जाण्याचा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाचा घोळ होणार नाही.

मी, खाली सही करणारा, धंद्याने पाण्याचे पंप दुरुस्त करणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि डोके ठिकाणावर असताना लिहितो आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बायकोचा आहे, पण तो लग्नापासूनचा असल्याने धरू नये. पुढच्या आठवड्यात डॉक्टर माझ्या हृदयाच्या नळीत जाळी बसवणार आहेत. ते म्हणाले, "काका, अगदी किरकोळ काम आहे." मीही गिऱ्हाइकाला नेहमी असेच सांगतो, म्हणून लिहून ठेवलेले बरे.

कलम पहिले. वरचे राहते घर आणि बँकेत जे काही आहे ते माझ्या पत्नीचे. ते तिचेच होते, मी फक्त सह्या करत होतो. तिला एकच विनंती आहे, तिने नीट जेवावे. भाऊ परागंदा झाल्यापासून हिला चौघांसमोर घास गिळवत नाही. वाढलेले ताट उचलते आणि खाली मागच्या कोठीत जाऊन एकटीच जेवते. ताट मात्र चाटूनपुसून परत येते आणि पोळ्याही रोज जास्त लागतात. दुःखात भूक वाढते, याची डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली आहे.

कलम दुसरे. वर्कशॉप, त्यातले पाने, वाइस, वाइंडिंगची यंत्रे आणि उधारी न चुकवणारी गिऱ्हाइके माझ्या मुलीची. मी एका पान्यावर आणि दुसऱ्याच्या ओट्यावर धंदा सुरू केला. तिने तो ओट्यावरून दुकानात आणला आणि माझ्या अक्षरातली बिले बंद केली. पण हे कलम सध्या हवेत लटकलेले आहे आणि ते कशाने लटकले ते लिहिणे भाग आहे.

ठोशाची तक्रार ठाण्यात आधीच लिहिली गेली होती. मेहुण्याला जामीन मिळाला तेव्हा जामीनदार मी राहिलो आणि हे वर्कशॉप लिहून दिले. आमच्या वकीलबाईंनी मला तेव्हाच बाजूला घेऊन विचारले होते, "काका, हा तारखेला येईल ना?" मी म्हणालो, "बाई, तो मला दाजी म्हणतो." त्यावर त्यांनी नुसता चष्मा पुसला.

कलम तिसरे. मेहुणा पळून गेला नाही, त्याने आपल्या परीने विचार केला. आमच्या वर्कशॉपमध्ये पाटी आहे: तीन महिन्यांत वस्तू न नेल्यास जबाबदारी आमची नाही. गिऱ्हाईक फिरकले नाही की आम्ही नाव खोडतो आणि पंप कोपऱ्यात सरकवतो. ही पाटी त्याने स्वतः रंगवली, आणि सारे जग त्याच पाटीवर चालते असे त्याने धरले.

पहिल्या तारखेच्या सकाळी मी म्हणालो, "अरे, आंघोळ कर, कोर्टात जायचंय."

तो चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "दाजी, तुम्ही पण ना! आपण फिरकलोच नाही की ते कंटाळतील आणि नाव खोडतील. उगाच जाऊन आठवण कशाला करून द्यायची?"

"कोर्ट म्हणजे काय आपलं दुकान आहे का?"

"तिथे तर आपल्यापेक्षा जास्त माल पडून आहे. जागा नको का करायला त्यांना?"

मी चपला घालेपर्यंत तो मागच्या दाराने गेला.

कोर्टाने नाव खोडले नाही. त्याच दिवशी जामीन रद्द झाला, जातमुचलका जप्त झाला आणि अजामीनपात्र वॉरंट निघाले. मग त्याच्या खोलीच्या दाराला जाहीरनामा डकवला. शिपायाने तो भर रस्त्यात मोठ्याने वाचलासुद्धा. त्याची मोटरसायकल जप्त झाली. मला नोटीस आली की आरोपीला हजर करा, नाहीतर रक्कम तुमच्या मालमत्तेतून वसूल का करू नये ते सांगा. वकीलबाई म्हणाल्या, "मारामारी आपसांत मिटली असती, फार तर दंड झाला असता. आता न येण्याचा गुन्हा वेगळा लागला. मूळ केसमधून निर्दोष सुटला तरी हा सुटत नाही. आणि पुन्हा जामीन मागायला गेलो की समोरून पहिला प्रश्न हाच येणार, मागच्या वेळी काय केलंत?"

"मग करायचं काय?"

"तो स्वतःच्या पायांनी आला पाहिजे. पकडून आणला तर आत जाईल. आपण होऊन आला तर बोलायला मला तोंड राहील, आणि तुमच्या रकमेत कोर्ट थोडी सूट देऊ शकतं. उद्या शेवटची तारीख आहे, काका. उद्या तो नसला तर वर्कशॉपला सील लागेल."

शेजारी मुलगी उभी होती. हातातला पाना तिने तीनदा पुसला. ते मी विसरलेलो नाही.

वकीलबाईंनी जाता जाता असेही सांगितले की फरार माणसाला आसरा देणाराही अडकतो. तेव्हा स्वयंपाकघरात विळीचा आवाज एकदम थांबला. भावाच्या काळजीने हिचा हात थबकला, हे मी भिंतीपलीकडून ओळखले.

कलम चौथे, पोलिसांच्या माहितीसाठी. माझे कान हीच माझी खरी कमाई. बंद पेटीतल्या पंपाचे बेअरिंग गेले की सील, हे मी कान लावून सांगतो, उघडून बघायची गरज पडत नाही. मागच्या महिन्यात मेहुण्याचा फोन आला. ही म्हणाली, "अहो, बोला त्याच्याशी." तो म्हणाला, "दाजी, मी लांब आहे, काळजी करू नका." पण मी त्याचे बोलणे ऐकतच नव्हतो. मी त्याच्या मागचे ऐकत होतो. पाणी आपटत होते, ओसरत होते, पुन्हा आपटत होते. मी फोन ठेवला आणि ठाण्यात जाऊन सांगितले: आरोपी समुद्राकाठी आहे, बंदराला लागून, भरतीची वेळ. हवालदारसाहेब म्हणाले, "काका, तुम्ही आमच्या खात्यात हवे होतात." त्यांची दोन माणसे बंदरावर जाऊन आली. मेहुणा त्यांना सापडला नाही, त्याला माझ्या कानांचा इलाज नाही.

कलम पाचवे. लेथ. लोखंड कातायचे हे यंत्र मी मोडीतून उचलले आणि उभे केले. मेहुणा त्याच्यावर शिकला आणि आज त्याचा हात माझ्याहून सफाईचा आहे. भांडणही याच लेथवरून झाले. भंगारवाला दारात उभा राहून म्हणाला, "हे कसलं मशीन? वजनावर घालायचं लोखंड आहे." ठोसा त्या वाक्याचा. तेव्हा व्यवस्था अशी: मेहुणा उद्या आपण होऊन कोर्टात हजर झाला, तर लेथ त्याचा, आणि आतून सुटून येईपर्यंत त्याला तेल घालायचे काम मुलीचे. हजर झाला नाही, तर लेथ त्याच भंगारवाल्याला द्यावा, वजनावर.

कलम सहावे, किरकोळ. शेजारच्या बेकरीवाल्याकडे असलेली माझी शिडी त्यालाच राहू द्यावी. मागून मागून मी थकलो, आता निदान दान केल्याचे पुण्य तरी मिळेल. ज्या भावाने मला "तुला पाना धरता येत नाही" असे म्हटले होते, त्याला एक पाना द्यावा. कोणताही चालेल.

पुरवणी. वरील मजकूर मी आज वर्कशॉपमध्ये वकीलबाई, दोन साक्षीदार, पत्नी व मुलगी यांच्यासमोर मोठ्याने वाचला. पाचव्या कलमातला "वजनावर" हा शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच डोक्यावरून ओरडा आला, "दाजी, त्याला नको! लेथच्या बेडवर वजन घालून वाकवेल तो! दाजी!" मागच्या कोठीवरच्या माळ्याची फळी सरकली आणि मेहुणा दाढीसकट खाली उतरला.

मी हिच्याकडे बघितले. ही म्हणाली, "अहो, ओरडू नका, तुमची नळी नाजूक आहे."

वकीलबाईंनी घड्याळ बघितले आणि मेहुण्याला म्हणाल्या, "मी तुम्हाला आत्ता पहिल्यांदा बघते आहे आणि तुम्ही आपण होऊन आलेले आहात. सकाळी साडेदहाला कोर्टाच्या दारात. दाढी करून."

"आत टाकतील का, बाई?"

"काही दिवस, बहुतेक. खोटं सांगत नाही."

त्याने लेथवरून एकदा हात फिरवला. मग मुलीला म्हणाला, "तेल पातळ घाल, घट्ट नको." तिने मान डोलावली आणि हातातला पाना पहिल्यांदाच जागेवर ठेवला. आज रात्री तो माळ्यावर नाही, खाली माझ्या शेजारी झोपणार आहे, आणि मागच्या दाराला कुलूप आहे. चौथे कलम खोडायला वकीलबाईंनी मनाई केली. त्या म्हणाल्या, सह्यांच्या आधी खाडाखोड नको. म्हणून ते तसेच आहे.

वरील सर्व मी समजून उमजून लिहिले आणि सही केली.

सही: मृत्युपत्र करणारा, पंपवाला

साक्षीदार पहिला: डॉक्टर. यांनी मी शुद्धीवर असल्याचे नाडी धरून पाहिले.
साक्षीदार दुसरा: बेकरीवाला. यांनी सहाव्या कलमाला हरकत घेतली, मग सही केली.

ठिकाण: वर्कशॉप.
दिनांक: तारखेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी.

ता. क. माळ्याच्या बरोबर खाली आमची पंप तपासायची टाकी आहे. मी फोनवर ऐकलेला समुद्र तो.