ब्याण्णव ते एकशे एक

अण्णा, पळत तुम्ही होता. मी नाही. एवढं सांगायलाच पेन हातात घेतलंय, नाहीतर सातवीत शाळा सुटल्यापासून वाणसामानाच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही.

डोंबिवलीच्या विहारातला कार्यक्रम आठवतो? मी तेरा वर्षांची, तुमच्या पेटीशेजारी ढोलकी घेऊन बसलेय. तुम्हीच शिकवलेली, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर. डब्याला पोचे पडतायत म्हणून आई ओरडायची. म्हणायचात, "गाणाऱ्याचा आवाज धरायचा, सोडायचा नाही." मी धरलेला. गाणं तुमचं स्वतःचं, चार कडव्यांचं. तिसऱ्या कडव्याला तुम्ही पेटी थांबवलीत आणि माइक तोंडापुढे असतानाच म्हणालात, "अगं, पळतेस कुठं? गाडी सुटतेय का तुझी?" सगळा मंडप हसला. ढोलकी तुम्ही तिथंच दुसऱ्याकडे वाजवायला दिलीत. त्यानंतर वीस वर्षं मी तिला हात लावला नाही. तुम्ही गेलात तेव्हाही ती फळीवरच पडून होती. पुढे आमच्या महिला मंडळाला वाजवणारं कोणी मिळेना, तेव्हा काढली.

आता मंडळानं ठरवलं, तुमचं गाणं नीट रेकॉर्ड करून विहारात लावायचं. तुमची एक कॅसेट आहे, नुसता आवाज आणि पेटी. त्यावर मी ढोलकी वाजवायची. रविवारी दुपारी कळव्यात एका रेकॉर्डिंगवाल्याकडे गेले. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, पण बोलण्यात मोठा साहेब. त्यानं तुमचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेतला, मुखडा ऐकला आणि टेम्पो लावला ब्याण्णव. म्हणजे मिनिटाला ब्याण्णव ठोके. त्या हिशोबानं स्क्रीनवर उभ्या रेघा येतात आणि कानात टकटक वाजते. मी तुमचा आवाज धरून वाजवलं. तिसऱ्या कडव्यानंतर यानं थांबवलं.

"ताई, तुम्ही पळताय."

तेच कडवं, अण्णा! माझे कान तापले.

"हे बघा, तुमचे ठोके रेघेच्या आधी पडतायत. राहू दे, मी कॉम्प्युटरमधली ढोलकी लावतो."

"तुझ्या त्या ढोलकीला आग लाव. टकटक बंद कर, नुसते अण्णा लाव आणि मोज."

"मोजलंय की."

"मुखडा मोजलास. पुढचं कोण मोजणार, तुझा काका?"

तोंड वाकडं करत तो तुमच्या गाण्यावर एक बटण ठोकत बसला. ठोकेल तसा आकडा दिसत जातो. मुखड्याला ब्याण्णव. दुसऱ्या कडव्याला पंचाण्णव. तिसऱ्याला अठ्ठ्याण्णव. शेवटी एकशे एक! मी म्हटलं, कॅसेट तर पळत नसेल? तुमच्यावर उगाच आळ नको. तो म्हणाला, "कॅसेट पळाली असती तर सूरही चढला असता. सूर जागेवर आहे. पळतायत ते अण्णाच." मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. तो दचकला.

मग म्हणतो, अण्णांनाच रेघेत बसवतो, एका बटणाचं काम. आणि दाबलं. तुमचा आवाज असा ताणला गेला, जसं कोणी झोपेत बडबडतंय. मी ओरडले, "अरे सोड त्यांना! टेम्पो बदल, अण्णा नको बदलूस!" तेव्हा त्यानं आधीसारखं करून तुमच्या आवाजाला कुलूप लावलं, म्हणजे तो पुन्हा ताणला जायचा नाही, आणि गाण्याचा टेम्पो जागोजागी थोडा थोडा चढवत नेला. रेघा सरकत सरकत तुमच्या खाली आल्या. आणि माझे ठोके? तेच, मघाचेच, एकही नवा वाजवला नाही. एकेक करून रेघेवर बसले. तो म्हणाला, "मानलं, ताई." मग टकटक काढून टाकून मी चौथं कडवंही वाजवलं.

विहारात लावलं तेव्हा चौथ्या कडव्याला माणसं टाळ्यांचा ठेका धरून उभी राहिली. तुमचा पेटीवाला मित्र, डोंबिवलीच्या मंडपात होता तोच, आता काठी टेकत चालतो, त्यानं विचारलं, "ढोलकीला कोण?" मी म्हटलं, "मीच. तीच, पळणारी."

हे पत्र कॅसेटच्या डबीत घडी करून ठेवतेय, बाकी कुठं टाकणार? एकच राहिलं. शेवटच्या ओळीला मी खरंच पळाले, अण्णा, तुमच्याही पुढं. स्क्रीनवर दिसतं. तो नीट करतो म्हणाला, मी करू दिलं नाही.