टाकीतले मासे

५ नोव्हेंबर

लाडक्या ठमीस,

तुझं पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत. यांचा गुडघा अजून रुसलेलाच आहे, आणि सूनबाईने साखर बंद केल्यापासून हे माझ्यावरही रुसलेत.

उत्तराला उशीर झाला. घरी पाहुणे होते, असं लिहिणार होते. पाहुणे नव्हते.

शाळेत आपण खोटं बोललो की सिस्टर रागवायच्या नाहीत, आठवतं? 'बागेत एक फेरी मारून ये, मग सांग,' म्हणायच्या. मी फेरी मारून तेच खोटं पुन्हा सांगायची. तू मात्र पहिल्या वाफ्यापाशीच रडायला लागायचीस.

तुझ्या नर्सरीतल्या रोपांची पानं कडेने जळताहेत, मातीचा दोष असेल का, असं तू विचारलंयस. मातीचा दोष नाही गं.

उन्हाळ्यात तू आलीस तेव्हा आमच्या रंगकारखान्याच्या दारातली टाकी बघून किती हरखलीस! लाल मासे, वर पाटी: 'आमचं सांडपाणी शुद्ध होऊन इथे येतं.' तू विचारलंस, "ताई, हेच पाणी ओढ्यात सोडता ना? मग मी नर्सरीला ओढ्यावरून पंप बसवू?" आणि मी म्हणाले, "मासे जगतात, तर तुझी रोपं का नाही जगणार?"

ठमे, त्या टाकीत नळाचं पाणी आहे. माशांना खाणं मीच घालते.

पाणी शुद्ध करणारा प्लँट तू येण्याआधीच बंद केला होता. मीटिंगमध्ये चिरंजीवांनी फळ्यावर दोन रकाने आखले. खर्चाच्या बाजूला वीज, रसायनं, गाळ उचलणारा ट्रक. फायद्याच्या बाजूला एकच शब्द, 'नाव'. मग म्हणाला, "आई, नाव तर मासेच मिळवून देताहेत." सगळे हसले. मीही हसले. भागीदार म्हणून हात वर करायचा होता, तोही केला. ओढ्याकाठची माणसं कुठल्याच रकान्यात नव्हती, आणि मी ती लिहायला सांगितली नाहीत.

काल त्याला म्हटलं, "मावशीची रोपं जळताहेत." त्याने मान वर न करता सांगितलं, "तिला बोअर मारून देऊ. स्वस्तात सुटेल." वाईट नाही गं तो. तुझ्याच मांडीवर वाढला. पण खालच्या अंगाला तू एकटीच राहत नाहीस, हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही.

म्हणून सांगते, आजच्या आज पंप बंद कर. आणि बोअर घेऊन गप्प बसू नकोस. प्रदूषणाच्या कार्यालयात तक्रार दे. दंड आणि टाळं दिसलं की फळ्यावरचा हिशेब फिरेल. आपल्या रडण्याने फिरणार नाही. कोणी सांगितलं, असं विचारतील. माझं नाव सांग. मी नाही म्हणणार नाही. मग तो माझ्याशी बोलायचा नाही, तेही धरून चालले आहे.

मी स्वतःच का जात नाही? आईचं काळीज, असं लिहिलं होतं, खोडलं. घाबरते. विचारलं तर खरं सांगेन, सध्या एवढंच बळ आहे.

थोरली म्हणून आजवर प्रत्येक पत्राखाली तुला आशीर्वाद लिहिले. आज नमस्कार लिहिते. तो घे.

ताई