तिसऱ्या चाकाची नोंद होणेबाबत

प्रति,
मा. उप प्रादेशिक परिवहन अधिकारी,
उप प्रादेशिक परिवहन कार्यालय, बुलढाणा.

अर्जदार: कु. स्वरदा दीपक खेर्डेकर, एम.एस्सी. (भौतिकशास्त्र), रा. नांदुरा, जि. बुलढाणा.

विषय: सन १९६४ च्या मोटारसायकलीची व्हिंटेज नोंदणी व करसवलत तिच्या साईडकारसह मंजूर होणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराचे चुलत भाऊ श्री. आल्हाद सुधाकर खेर्डेकर यांनी एकट्या मोटारसायकलीसाठी ऑगस्टमध्ये केलेला अर्ज.

महोदय,

१. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अर्जदाराच्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये जे होते ते असे: साईडकारचा सांगाडा एक, चाक एक, त्यातील चाळीस स्पोकपैकी अडतीस शाबूत, बैठक एक, फाटकी, मोटारसायकलीला जोडण्याचे दांडे चार, पैकी एक वाकलेला, आणि आत कांदे, सुमारे अर्धे पोते. कांदे वगळता सर्व मूळचे आहे.

२. ही साईडकार आणि श्री. आल्हाद यांच्याकडील मोटारसायकल मिळून एकच वाहन होते. दोघांचे आजोबा कै. माणिकराव, घरातले आबा, वजनमापे निरीक्षक होते. बाजारातील काटे तपासण्याची लोखंडी वजने ते साईडकारमध्ये ठेवून नांदुऱ्याहून सोनाळ्यापर्यंत जात. आबा गेल्यावर त्यांच्या दोन मुलांनी वस्तूंची वाटणी केली. हंडा थोरल्याकडे आणि त्याचे झाकण धाकट्याकडे गेले. त्याच न्यायाने बोल्ट खोलून मोटारसायकल श्री. आल्हाद यांच्या वडिलांकडे आणि साईडकार अर्जदाराच्या वडिलांकडे आली. तेव्हा यात कोणालाच काही वावगे वाटले नाही.

३. त्यानंतर दोन्ही भागांना मिळालेल्या वागणुकीत जो फरक पडला, तो कार्यालयाच्या निदर्शनास आणणे अर्जदारास आवश्यक वाटते. मोटारसायकलीला दर दसऱ्याला झेंडूचा हार असतो, साईडकारला कांदे. पंधरा ऑगस्टलाही श्री. आल्हाद यांनी मोटारसायकल हार घालून शाळेच्या पटांगणात नेली आणि प्रमुख पाहुण्यांनी तिच्यावर बसून छायाचित्र काढून घेतले. ते स्थानिक पत्रात छापूनही आले. छायाचित्रातील चाकाच्या व्यासावरून अर्जदाराने हाराची लांबी काढली असता ती दोन मीटरहून अधिक भरली. एवढा हार आमदारांना घालतात.

४. साईडकारचीही नोंदणी व्हावी, असे अर्जदाराने घरी सुचवले तेव्हा श्री. आल्हाद म्हणाले, "काऊन वं, कांद्याच्या डब्याले नंबर प्लेट लावतं काय?" त्यांच्या मातोश्री सौ. प्रतिमाकाकू यांनी पोहे वाढता वाढता भर घातली, "लावू दे रे. तिच्या लग्नात रुखवतात मांडीन ते." सगळे हसले. अर्जदाराचे वडीलही हसले.

५. हसण्याबाबत अर्जदाराची तक्रार नाही. तक्रार पुढच्या वाक्याबाबत आहे. अर्जदार नऊ वर्षांची असताना आबा तिला रोज संध्याकाळी साईडकारमध्ये बसवून कापसाच्या जिनिंगच्या पटांगणात नेत. तिथे ते चौदा वर्षांच्या आल्हादला गाडी शिकवत. आबा आल्हादच्या मागे बसत आणि अर्जदार बाजूला. आपल्याला आबा फिरायला नेतात, असा तिचा समज होता आणि तो तिने सोळा वर्षे जपला. श्री. आल्हाद पोह्यांच्या त्या दिवशी म्हणाले, "फिरवाले नाही नेत होते वं तुले. डबा रिकामा असला का डावीकडं वळताना उचलते. गाडी पलटू नये म्हून बसवत. तू वजन होती, वजन."

६. अर्जदाराने हे विधान कागदावर तपासले. साईडकार डावीकडे आहे. डाव्या वळणावर वाहनाचा कल उजवीकडे होतो व रिकाम्या साईडकारचे चाक उचलले जाते. आत भार असल्यास ते जमिनीवर टिकते. विधान बरोबर आहे. म्हणूनच ते जास्त लागले.

७. मात्र त्याच गणितातून दुसरी गोष्टही निघते. ज्या वाहनाचा तोल साईडकारने व तिच्यातील माणसाने सांभाळला, त्यातील साईडकार ही शोभेची जोडवस्तू ठरत नाही. नोंदणी पुस्तकातही पहिल्या दिवसापासून 'साईडकारसह' असेच आहे व हे दोन्ही घरांना ठाऊक आहे. व्हिंटेज नोंदणीला वाहन मूळ स्वरूपात हवे. श्री. आल्हाद यांचे वाहन दोन चाकांचे आहे. मूळ वाहन तीन चाकांचे होते.

८. दसऱ्याला काकूंकडे पूजेला गेली असता अर्जदाराला मोटारसायकलीच्या डाव्या अंगाला नवीकोरी चामडी पिशवी टांगलेली दिसली. पिशवी रिकामी होती. ती उचलल्यावर मागे साईडकारचे दांडे जिथे बसतात ते चारही लोखंडी कान जसेच्या तसे होते. अर्जदार म्हणाली, "दादा, तपासणीले आलेले साहेब बी पिशवी उचलतीनच ना?" श्री. आल्हाद बराच वेळ हार नीट करत राहिले.

९. अर्जदाराने यानंतर श्री. आल्हाद यांच्या अर्जाविरुद्ध हरकत लिहिली होती. ती घेऊन अर्जदार बसने बुलढाण्यास आली, खिडकीपर्यंत पोचली आणि परत गेली. हरकत मान्य झाली असती तर श्री. आल्हाद यांना नोंदणी मिळाली नसती. या विचाराने मलकापूरपर्यंत बरे वाटले. पण मग साईडकार जोडायची कोणत्या गाडीला, याचे उत्तर नांदुऱ्यापर्यंत सापडले नाही.

१०. दुसऱ्या दिवशी अर्जदार वाकलेला दांडा घेऊन कामरान मिस्त्रींच्या गॅरेजवर गेली, तर तिथे मोटारसायकल आणि श्री. आल्हाद आधीच हजर. चारही कान कापून टाकता येतील का, हे ते विचारत होते. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "भाऊ, तुमी अर्धी गाडी आनता, ताई अर्धी आनते. एकाले कापाचं हाय, एकाले जोडाचं हाय. पह्यले घरातून ठरवून या ना बाप्पा!"

११. ठरवणे गॅरेजच्या बाकावरच झाले. श्री. आल्हाद यांनी विचारले, "मंग तुले पायजे तरी काय? अर्धं नाव?"

अर्जदार म्हणाली, "नाव तर पायजेच. अन् हँडल."

"तुले येते काय वं?"

अर्जदाराकडे गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना आहे. शिवाय क्लच हळू सोड, वळणाआधी वेग कमी कर, डावीकडे घाई नको, या आबांच्या सर्व सूचना त्या पटांगणात तिनेही ऐकल्या आहेत. त्या तिला उद्देशून नव्हत्या, एवढेच. श्री. आल्हाद यांनी चावी दिली, पण हातात नव्हे. बाकावर ठेवली.

१२. तरी विनंती की,
(अ) जोडलेल्या वाहनाची एकत्र तपासणी करून नोंदणी व करसवलत दोघांच्या नावे द्यावी. सोबत श्री. आल्हाद यांची संमती आहे.
(आ) दोन नावे नियमात बसत नसल्यास नाव कोणाचे ते कार्यालयाने ठरवावे. घरी ठरवल्यास ते थोरल्यांचे ठरेल.
(इ) नोंदणी क्रमांक साईडकारच्या दर्शनी भागावरही लिहिण्यास परवानगी असावी. अक्षरे मोटारसायकलीवरील अक्षरांपेक्षा लहान नसावीत.
(ई) करसवलतीतून जी रक्कम वाचेल तीत अर्जदारास वाटा नको. परंतु आदेशात साईडकारचा उल्लेख 'इत्यादी' या शब्दात केला जाऊ नये.

१३. जोडलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवलेले नाही. चाचणी जिनिंगच्या बंद आवारात, मालकांच्या परवानगीने घेतली आहे.

तपासणीच्या तारखेची वाट पाहणारी,

(सही)
स्वरदा दीपक खेर्डेकर
नांदुरा, दि. १० नोव्हेंबर २०२५

सोबत:
१. जुन्या नोंदणी पुस्तकाची प्रत.
२. श्री. आल्हाद सुधाकर खेर्डेकर यांचे संमतीपत्र. (त्यातील 'नाइलाजाने' हा शब्द त्यांनी स्वतः खोडला आहे.)
३. जोडलेल्या वाहनाची चारही बाजूंनी छायाचित्रे. कांदे काढलेले आहेत.
४. अर्जदाराच्या वाहन परवान्याची प्रत.
५. चाचणीची नोंद, दि. ८ नोव्हेंबर. चालक: अर्जदार. साईडकारमध्ये: श्री. आल्हाद. फेऱ्या सहा, सर्व डाव्या वळणाच्या. सर्वाधिक वेग ताशी ३१ किलोमीटर.