बटणांची पुडी

प्रिय बाळ,

तब्येत ठीक आहे, बाबांचीही. पण जे झालं ते फोनवर सांगायला धजले नाही. तुझा आवाज ऐकला असता तर पुन्हा काहीतरी खोटं बोलून मोकळी झाले असते.

कोपऱ्यावरच्या वाचनालयात नवी टूम निघाली आहे. विद्यापीठातल्या इतिहासाच्या एक प्राध्यापकबाई दर गुरुवारी दुपारी येतात आणि वस्तीतल्या माणसांबरोबर बसतात. भाषण वगैरे नाही. आपण घरातला एखादा जुना कागद न्यायचा, आपल्याला ठाऊक आहे ते आपण सांगायचं, त्यांना ठाऊक आहे ते त्या सांगतात. ग्रंथपाल म्हणाले, "काकू, या की, चहा फुकट आहे." मग मी गेले, हे तुला वेगळं सांगायला नको. बाई तुझ्याच वयाच्या. डोक्यावर चष्मा ठेवून टेबलावर चष्मा शोधतात. पहिल्या दिवशी मनात म्हटलं, एवढं शिकून हिला आमच्याकडून काय मिळणार? तुलाही मी हेच म्हणायचे ना, की तुझ्या त्या संशोधनाचा चार माणसांना उपयोग काय? पण न्हाव्याने त्याच्या आजोबांचा दुकानाचा परवाना आणला, तर बाई त्याला असं खोदून खोदून विचारत होत्या, जणू तोच प्राध्यापक आणि ह्या विद्यार्थिनी.

या गुरुवारी समोरच्या टेलरताईंनी एक चुरगळलेला कागद आणला. बाईंनी तो भिंतीवर मोठा करून दाखवला आणि वाचला. "मूल पायाळू. नाळ गळ्याभोवती होती, सोडवली. पहाटे रडलं. दोघंही सुखरूप. नवरा बघायला आला नाही." अगं, ते सासूबाईंचं अक्षर! ओळीतल्या शेवटच्या अक्षराची शेपटी समासापर्यंत ओढायची त्यांची सवय तुला आठवत असेल. सुईणपण केलं तितकी वर्षं प्रत्येक बाळंतपण त्यांनी वहीत लिहिलं होतं.

तेवढ्यात बाईंनी कागद उलटा केला. पुरुषभर उंचीची माझी यादी भिंतीवर! साबण दोन, काडेपेटी, साखर एक किलो, ते खोडून अर्धा, तेही खोडून पाव. सगळे खो खो हसले. न्हावी म्हणाला, "या बाईने तर साखरेची हजामतच केली!" टेलरताई म्हणाल्या, "मला कुणीतरी यात बटणं बांधून दिली होती, कोण ते आठवत नाही." माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. कोरी बाजू वाया घालवायची नाही हा माझा हट्ट तुला माहीत आहे. सासूबाई गेल्यावर त्यांच्या वह्यांचं एकेक पान मी असंच संपवलं, याद्यांना, पुड्यांना, फडताळात अंथरायला.

प्राध्यापकबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथल्या सुईणींबद्दल मी दोन वर्षं एक ओळ शोधतेय. आणि हे बघा, वरचा भाग कुणीतरी कात्रीने सरळ कापलाय. तारीख आणि बाईचं नाव तिथेच असणार. त्याशिवाय हे बाळ कोणाचं, केव्हाचं, काहीच सांगता येत नाही."

बाळ, ती कात्री माझी. सासूबाई प्रत्येक पानाच्या माथ्यावर देवाचं नाव लिहायच्या. देवाच्या नावात साबण कसा बांधायचा? म्हणून मी वरची पट्टी कापून देवाच्या फळीवरच्या गोल डब्यात ठेवायचे आणि मगच खालचं पान वापरायचे. पुण्य केल्यासारखं वाटायचं गं.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, यादी माझी, वही माझ्या सासूबाईंची, आणि कात्रीही माझीच. बाईंनी एवढंच विचारलं, "काकू, त्या पट्ट्या कुठे आहेत?" मी तशीच घरी गेले, डबा आणून टेबलावर उपडा केला. देवाचं नाव, त्याच्या शेजारी तारीख, आणि एकेक बाई. कितीतरी बाया! इतकी वर्षं रोज त्या डब्याला हात जोडले, पण देवाच्या नावापुढचं कधी वाचलं नाही. न्हाव्याला त्यात त्याची आई सापडली. पट्टी उजेडात धरून त्याने तारीख पुन्हा पुन्हा वाचली. त्याचं पान बहुधा मी कधीच केराबरोबर टाकलं असेल.

आता खरं ते लिहिते. अशा पाच वह्या मी संपवल्या. पण वह्या सात होत्या. तू प्रबंधासाठी मागितल्यास तेव्हा मी म्हटलं, वाळवीने खाल्ल्या. त्याच आठवड्यात बँकेचं नोकरीचं पत्र आलं होतं आणि ते तुझ्याआधी मी फोडून वाचलं होतं. वह्या नाहीत म्हणून तुझं काम अडलं, तू बँकेत गेलीस, आणि मी देवापुढे दिवा लावला. उरलेल्या दोन वह्या तेव्हा ट्रंकेत जुन्या पांघरुणांखाली धडधाकट होत्या. आपल्या घराला वाळवी कधी लागलीच नाही. परवा बाईंनी विचारलं, "काही उरलंय का?" समोर तो डबा होता, खोटं बोलवेना. म्हटलं, दोन उरल्यात, पण त्या माझ्या मुलीने आधी मागितल्यात. त्या म्हणाल्या, "मग त्यांनाच बोलवा. मला त्यातलं कळणारं माणूस हवंच आहे." पुढच्या गुरुवारी तुझ्यासाठी खुर्ची ठेवणार आहेत. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये. वह्या काढून तुझ्या टेबलावर ठेवल्या आहेत. एकाही पानाचा माथा कापलेला नाही.

तुझीच,
आई