साहेबांच्या खोलीवरचा लाल दिवा

तीर्थरूप मामा,

तुमच्या भांडखोर भाचीचा साष्टांग नमस्कार. दोन बसथांब्यांवर राहून पत्र काय लिहिते, असं म्हणाल. पण समोर येऊन बोलायला लागले की तुम्ही वर्तमानपत्र उघडता, आणि पत्राच्या मध्ये वर्तमानपत्र धरता येत नाही. गुडघा कसा आहे? मामीच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करत नाही, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे गुडघा आपला आपण बरा होतोय. दोघांत खरं कोण ते मी विचारत नाही, मला त्या घरी जेवायला यायचं असतं. इकडे सगळं ठीक आहे, फक्त माझ्या केसांत, चपलांत आणि चहात सिमेंट आहे.

तुमचं ऑफिस नव्या जागेत गेलं, जुनी इमारत आमच्या शाळेला मिळाली आणि मुख्याध्यापिका म्हणून डागडुजीची देखरेख माझ्या गळ्यात पडली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला वाटलं होतं, भिंती रंगवायच्या, फळे लावायचे की झाली शाळा. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि इमारत तर मरतही नाही. प्लंबरने हात धुवायची बेसिनं स्वतःच्या कमरेच्या मापाने बसवली. पहिलीतल्या एका मुलीला त्याखाली उभं करून दाखवलं, तर म्हणाला, पोरं काय, वाढतातच. (वाढतात हो, पण हात त्याआधी धुवायचे असतात.) पेंटरला जुन्या पाट्या खरवडून काढायला सांगितलं होतं. त्याला ‘कामाशिवाय आत येऊ नये’ ही पाटी फार सुबक वाटली, म्हणून त्याने ती नव्याने रंगवली आणि आता शाळा आहे म्हणून कडेने फुलपाखरं काढली. पालक ती वाचतात आणि आपलं काम कामात मोजतात की नाही, या विचारात पायरीवरच उभे राहतात.

खरा घोळ मात्र तुम्ही तिथे साहेब होता तेव्हाच्या तुमच्या खोलीचा. कोपऱ्यातली, दोन बाजूंना खिडक्या, सकाळचं ऊन थेट आत. अख्ख्या इमारतीत अशी दुसरी खोली नाही. ती मी पहिलीच्या वर्गाला द्यायचं ठरवलं. पण शेजारच्या तुमच्या स्टेनोच्या खोलीची मधली भिंत पाडल्याशिवाय तिथे मुलं मावत नाहीत. शाळा समितीपुढे हे मांडलं, तर सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. समितीत बहुतेक तुमच्याच हाताखाली वाढलेली माणसं. साहेबांना विचारल्याशिवाय साहेबांच्या भिंतीला हात लावायचा नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला. (या समितीचं आजवर चहात साखर किती यावरसुद्धा एकमत झालेलं नाही.) तोवर पहिलीचा वर्ग मागच्या रेकॉर्डरूममध्ये भरवावा म्हणे. तिथे एकही खिडकी नाही, भर दुपारी दिवा लावावा लागतो. एवढ्याशा मुलांनी तिथे बसून अक्षरं गिरवायची आणि इकडे ऊन रिकाम्या खुर्चीवर पडणार. मला राग आला, मामा. तो तुमच्यापासून कशाला लपवू?

खोली किती अपुरी पडते ते समितीला डोळ्यांनी दिसावं म्हणून मी एक दिवस पहिलीच्या बाईंना मुलं घेऊन तिथेच बसायला सांगितलं. बाईंनी आत जाऊन दिवा-पंखा लावला आणि मुलांची रांग आणायला त्या अंगणात गेल्या. आता गंमत अशी, की आमच्या इलेक्ट्रिशियनने नवीन वायरिंग करताना तुमच्या दारावरचा लाल दिवाही इमानेइतबारे दुरुस्त करून ठेवला होता, आणि आतल्या दिव्याच्याच बटणाला जोडून दिला होता. बाई रांग घेऊन दाराशी आल्या, तर वर लाल दिवा! लाल दिवा म्हणजे साहेब कामात आहेत, हे आपल्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. मुलांनी ठेवलं. मागून पाहणीला आलेले समितीचे अध्यक्षही हात मागे बांधून रांगेच्या शेवटी उभे राहिले. मी पोहोचले तेव्हा तास संपत आला होता आणि आत एकटा पंखा इमानाने काम करत होता. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, मला वाटलं, आत कुणीतरी असेल. अहो, पण दिवा तुम्हीच लावलात ना!

तिथे मी पोट धरून हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही, कारण त्या दाराबाहेर मीही उभी राहिले आहे. लहानपणी आई चक्कर येऊन पडली, तेव्हा शेजारच्या काकूंनी मला तुम्हाला बोलवायला पिटाळलं होतं. वर लाल दिवा होता. शिपाई थांब म्हणाला, मी थांबले. भाचीला काही वेगळा नियम नाही, असं तुम्हीच घरी अभिमानाने सांगायचात. शेवटी दार उघडून तुम्ही बाहेर आलात, माझा चेहरा पाहिलात आणि चष्मा टेबलावरच विसरून माझा हात धरून धावत सुटलात. आई बरी झाली. त्या दिवसाबद्दल तुम्ही पुढे कधी बोलला नाहीत, मीही नाही. माझी तेव्हा तक्रार नव्हती, आजही नाही. पण मूल बंद दाराबाहेर गप्प उभं असलेलं मला बघवत नाही. म्हणून मागते आहे मामा, ती भिंत मला पाडू द्या.

मामीला नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. हे पत्र पर्समध्येच राहिलं आणि तेवढ्यात भिंत पडलीसुद्धा. मामीने परस्पर अध्यक्षांना फोन करून साहेबांची हरकत नाही म्हणून कळवलं. साहेबांना विचारलंत का, असं त्यांनी चाचरत विचारलं, तर म्हणाली, या घरात साहेब मला विचारतात. तेव्हा वर मागितलेली परवानगी आता शोभेपुरतीच उरली आहे. तरी द्याच.

आणखी एक. पहिलीला गणित शिकवायला अजून कुणी मिळालेलं नाही. तुम्ही याल का? साहेब कुणी म्हणणार नाही. आजोबा म्हणतील, तेही ओरडून.

आणि हे मामीला कळू देऊ नका. भिंतीची अडचण सांगायला मी तिला फोन केला, तेव्हा ती रडली. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, तरी तुम्ही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून दाराजवळच्या खुर्चीत बसता आणि ती जेवायला हाक मारेपर्यंत उठत नाही, असं म्हणाली. मामा, बूट घालताच आहात, तर इकडे या. फक्त थोडे लवकर घाला. शाळा ऑफिसच्या आधी भरते.